कूपन लावा, पण पाकीट वाचून

२०२१मधल्या कोविडच्या साथीत मेडिकलच्या काउंटरवर गर्दीत उभं राहणं नको वाटायचं, आणि हातात पैसाही पूर्वीसारखा खेळत नव्हता. त्यामुळे त्या वेळी दोन महिन्यांत ॲपवरची कूपनं, दुकानातली सूट आणि घरपोच औषधं यांविषयी बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे. उत्तरं औषधविक्री आणि औषधोपचार या दोन्ही बाजूंच्या जाणकारांकडून घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या आप्पांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. डॉक्टर कोल्हापूरचे. औषधं कागलच्या एका मेडिकलमधून आणत होतो, तिथे १५ टक्के सूट मिळायची. आता राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा रिपोर्ट मागतात, म्हणून जाणं बंद झालं. दुकानदार म्हणतात, चिठ्ठीचा फोटो पाठवा, माणसाबरोबर घरी पोचवतो, सूटही तेवढीच देतो. चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची आहे. चालेल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : यात तीन वेगळे प्रश्न आहेत. एकेक घेऊ.

महाराष्ट्रातल्या कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी कर्नाटकातल्या निपाणीत चालते. औषधांचा कायदा १९४०चा, नियम १९४५चे, आणि दोन्ही केंद्राचे आहेत. राज्य बदललं म्हणून नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी बाद होत नाही. तेव्हा मराठीतून सांगणारे डॉक्टर तिकडे आणि दुकान इकडे, असं करायला काहीच हरकत नाही.

घरपोचचं मात्र वेगळं आहे. लॉकडाउन लागल्यावर २६ मार्च २०२० रोजी केंद्राने अधिसूचना काढून परवानाधारक दुकानांना औषधं घरी पोचवायची मुभा दिली, पण तिला अटी आहेत. दुकान आणि ग्राहक एकाच महसुली जिल्ह्यात हवेत. जुनाट आजाराची चिठ्ठी दिल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि तात्पुरत्या दुखण्याची ७ दिवसांच्या आत दुकानाकडे पोचली पाहिजे. शेड्यूल एच-१ आणि एक्स या नियमांतल्या कडक याद्यांमधली औषधं, तशीच झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांसारखी नियंत्रित औषधं यातून वगळली आहेत. कागल कोल्हापूर जिल्ह्यात, निपाणी बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे पलीकडे दिसणाऱ्या कागलहून घरपोच नाही, आणि बेळगावच्या खडेबाजारातलं दुकान मात्र थेट अथणीपर्यंत पाठवू शकतं! नकाशा काढणाऱ्याला औषधाची पिशवी कुठून आठवायची? पण साथीत केलेला नियम असा आहे. दुकानदार चांगले असतील, तरी त्यांना अडचणीत घालू नका.

चिठ्ठीचं. चार महिन्यांची चिठ्ठी ३० दिवसांच्या अटीत बसत नाही, आणि बीपी-शुगरचे डोस चार महिन्यांत बदलावे लागू शकतात. त्याच डॉक्टरांना व्हिडिओ किंवा फोनवरून दाखवा. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रत्यक्ष तपासणीला सहा महिने झाले नसतील तर त्याच आजारासाठी तो पुढचा सल्ला धरला जातो आणि चिठ्ठीचा फोटो किंवा पीडीएफ मिळू शकते. फोन करण्याआधी आठवडाभराचं बीपी आणि ग्लुकोमीटरचे आकडे कागदावर लिहून ठेवा. नव्या चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव-वय, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, प्रत्येक औषधाची ताकद, रोजचा डोस आणि किती दिवसांचं हे सगळं आलं आहे ना, ते फोन ठेवायच्या आधीच विचारा.

राहिली १५ टक्के सूट. निपाणीतही ती मिळू शकते, पण सगळ्या औषधांवर सारखी मिळणार नाही. ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यांत किरकोळ दुकानदाराच्या खरेदी दरावर १६ टक्के नफा धरलेला असतो. १०० रुपयांना घेतलेलं औषध, कर सोडून, ११६ला. म्हणजे विक्रीच्या किमतीवर त्याच्या हातात जेमतेम पावणेचौदा टक्के. त्यातून तो १५ टक्के कसा देईल? एक तर मोठ्या खरेदीवर त्याला वरून सूट मिळालेली असते, किंवा इतर वस्तूंवर तो ते भरून काढतो. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर त्याचा नफा थोडा जास्त असतो, आणि काही ब्रँडेड जेनेरिकवर (मूळ औषध तेच, पण कंपनीने आपलं नाव देऊन विकलेलं) तर छापील किंमत आणि खरेदी किंमत यांत भलतंच अंतर असतं, तिथे ४०-५० टक्के सूटही परवडते. म्हणून 'किती टक्के' असं विचारू नका. 'या महिन्याची ही पाच औषधं, एकूण किती होतील' असं विचारा.

प्रश्न : एका ॲपवर 'पहिल्या ऑर्डरला २५ टक्के' असं कूपन होतं. आईच्या गोळ्या मागवल्या. आल्या त्या वेगळ्याच नावाच्या. फोन केला तर म्हणाले, 'सेम सॉल्ट आहे, मॅडम', म्हणजे मूळ औषध तेच. आईने चार दिवस घेतल्या, पण आता धास्ती वाटते. सेम आहे की नाही हे आपल्याला कसं कळणार? आणि पैसेही फारसे वाचले नाहीत. — एक वाचक, खानापूर

उत्तर : पैशांचं आधी सांगतो, ते सोपं आहे. कूपनाखालच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा दोन आकडे असतात : किमान खरेदी आणि कमाल सूट. समजा आईचं महिन्याचं औषध ६४० रुपयांचं आहे, कूपनाची किमान खरेदी १,००० आणि कमाल सूट १०० रुपये. मग १,००० गाठायला माणूस ३६० रुपयांची व्हिटॅमिनं, च्यवनप्राश, काहीतरी घालतो. बिल ९००, वर पोचवण्याचे ४०-५०. तेच गावातल्या मेडिकलने ६४०वर १० टक्के सोडले तर ५७६. जाहिरातीत २५ टक्के मोठं दिसतं, खिशाला ५७६ बरे पडतात. कॅशबॅक असेल तर तो वॉलेटमध्ये येतो, पुढच्या ऑर्डरलाच लागतो आणि त्याला मुदत असते, हेही वाचून घ्या.

आता मुख्य गोष्ट. कूपनामुळे किंमत बदलावी, पाकिटावर दुसरं काही बदलू नये. जुनं पाकीट आणि नवं पाकीट उजेडात शेजारी शेजारी ठेवा आणि मागची बाजू वाचा. ठळक ब्रँडनावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. ते पूर्ण वाचायचं, शेपटासकट, म्हणजे नावाला मागे-पुढे जोडलेल्या अक्षरांसकट.

शेपट का महत्त्वाचं? उदाहरणं घ्या. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि एस-ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम यांचा जोर जवळपास सारखा असतो. एका पाकिटावर नुसतं ॲम्लोडिपिन आणि दुसऱ्यावर 'एस' असेल, आणि दोन्हीकडे आकडा ५ असेल, तर दुसऱ्या गोळीत दुप्पट डोस जातो. पायाला सूज, गरगरणं तिथून सुरू होतं. दुसरं, मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर. एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल ही अक्षरं असलेली गोळी पोटात हळूहळू विरघळते. साधी गोळी सगळं एकदम सोडते, आणि तिच्या वेळाही वेगळ्या असतात. एसआरची गोळी मोडून किंवा चावून घेऊ नये. मेटोप्रोलॉलमध्ये तर 'टार्ट्रेट' आणि 'सक्सिनेट' असे दोन प्रकार आहेत, पहिला दिवसातून दोनदा, दुसरा लांब चालणारा, एकदा. तेव्हा ताकद एमजी (मिलिग्रॅम) की एमसीजी (मायक्रोग्रॅम), गोळ्या की कॅप्सूल, एकच औषध की दोन मिसळलेली, आणि शेपट. हे सगळं जुळलं तरच 'सेम'.

आईच्या पाकिटावर हे सगळं जुळत असेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही. कुठे फरक दिसला तर डॉक्टरांना दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवा, त्यांचं सांगणं येईपर्यंत स्वतःच्या अंदाजाने अर्धी-दीड गोळी करू नका.

दुकानाने नाव बदललं ते बरोबर होतं का? नाही. औषध नियम ६५ मधला पोटनियम ११-ए सांगतो की चिठ्ठीवर शेड्यूल एच (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी), एच-१ किंवा एक्सचं जे औषध लिहिलं आहे, त्याऐवजी दुसरं देता येत नाही, त्यात तेच द्रव्य असलं तरीही. ॲपसुद्धा कुठल्यातरी परवानाधारक दुकानामार्फतच देतं, त्याला हाच नियम. बदल हवा असेल तर तो डॉक्टरांनी लिहायचा. याचा उपयोग आपल्यालाही करून घेता येतो : डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ नाव लिहून घेतलं, तर दुकानातलं स्वस्तातलं ब्रँडेड जेनेरिक किंवा जनऔषधी केंद्रातलं औषध कायदेशीरपणे घेता येतं. जनऔषधीत कूपन वगैरे लागत नाही, छापील किंमतच कमी असते. 'जनऔषधी सुगम' या ॲपवर केंद्र आणि औषध दोन्ही शोधता येतं. पण निघण्याआधी केंद्राला फोन करून साठा विचारा. चारांतली दोन औषधं नसण्याचा प्रसंग सर्रास येतो.

काही औषधांत मात्र सवलतीसाठी ब्रँड बदलूच नका : थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन. यांत थोडासा फरकही रक्तात मोठा दिसतो. बदलावंच लागलं तर डॉक्टरांना कळवून, आणि थायरॉइडच्या बाबतीत सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करून.

प्रश्न : इन्सुलिन कुरिअरने मागवलं तर २० टक्के कमी पडतं. शिवाय बाटलीपेक्षा पेनची काडतुसं कूपनावर आणखी स्वस्त दिसतात. मागवावं का? — चिकोडी

उत्तर : इन्सुलिनसाठी आधी गार साखळी बघा, कूपन नंतर. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला राहायला हवं. कुरिअरची पेटी चिकोडीच्या स्टँडवर दुपारभर पडून राहिली की हमी संपली. जवळच्या मेडिकलमधून, त्यांच्या फ्रिजमधून काढून दिलेलं, आपल्या थर्मासमध्ये घालून आणलेलं चांगलं. थर्मासमध्ये बर्फाचा पॅक घातलात तर इन्सुलिन रुमालात गुंडाळा. बर्फाला चिकटून ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

किमतीची तुलना करताना युनिट मोजा, नग मोजू नका. १० मिलिलिटरच्या ४० आययूच्या (म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट) बाटलीत ४०० युनिट असतात. ३ मिलिलिटरच्या १०० आययूच्या काडतुसात ३००. रोज २० युनिट लागत असतील तर बाटली २० दिवस जाते, काडतूस १५ दिवस.

आणि इथेच एक जीवघेणी चूक होते. काडतूस स्वस्त मिळालं, पेन नाही, म्हणून लोक जुन्या सिरिंजने त्यातून औषध ओढतात. लाल टोपणाची सिरिंज ४० आययूसाठी असते. तिच्या २०व्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर येतं. बाटलीतून तेवढं ओढलं तर २० युनिट, काडतुसातून ओढलं तर ५० युनिट. अडीचपट. रात्री साखर इतकी खाली जाईल की माणूस झोपेतून उठणार नाही. उलट, ४०ची बाटली आणि नारिंगी टोपणाची १००ची सिरिंज झाली तर २० रेघांत फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. बाटलीला ४०ची सिरिंज, काडतुसाला त्याचंच पेन. कूपन कितीही चांगलं असो, ही जोडी मोडू नका. काडतुसावर जायचं तर डॉक्टरांना विचारून, पेन हातात आल्यावर.

घरी आल्यावर फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरपाशी नको. वापरात असलेलं चार आठवड्यांपर्यंत बाहेर चालतं, ऊन आणि चुलीची धग लागू द्यायची नाही. साधं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. मिश्र इन्सुलिन तळहातांत घोळवल्यावर सारखं दुधाळ व्हायला हवं. गुठळ्या किंवा काचेवर चिकटलेले पांढरे कण दिसले तर ते परत करा. त्यासाठी बिल लागतं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर 'कोविड किट, ६० टक्के सूट, कूपन आजच संपणार' असा मेसेज फिरतोय. किटमध्ये ॲझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डोलो, जिंक आहे. क्यूआर पाठवलाय, आधी पैसे भरा म्हणतात. मिरजेला जाणं जमत नाही म्हणून घरात ठेवावं असं वाटतं. — कागवाड

उत्तर : घेऊ नका.

यातलं मिथाइलप्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे. कोविडमध्ये स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना दिसला आहे. ताप-खोकल्याच्या पहिल्या दिवसांत, ऑक्सिजन चांगला असताना घेतलं तर ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि साखर वाढवतं. मधुमेह असलेल्यांत म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी वाढली, त्यामागच्या कारणांत स्टेरॉइडचा बेसुमार वापर आहे. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकणं हाच मुळात गुन्हा, मग सूट ६० टक्के असो की ६. २०२०मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधासाठी अशीच झुंबड उडाली होती, तेव्हा २६ मार्च २०२० रोजी त्याची विक्री एच-१च्या अटींखाली आणावी लागली. अशा औषधाची दुकानाला वेगळ्या वहीत नोंद करावी लागते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट, आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. व्हॉट्सॲपवरच्या माणसाकडे कसली वही?

घरात ठेवायचं असेल तर पॅरासिटामॉल, थर्मामीटर, ओआरएस आणि पल्स ऑक्सिमीटर ठेवा. पॅरासिटामॉल ६५०ची गोळी सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजणीत धरा, नाहीतर यकृतावर ताण येतो. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून कमी करून घ्या. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर गोळ्यांचा विचार सोडून दवाखाना गाठा. कर्नाटकात १०४ या आरोग्य सहायवाणीवर फोन करून विचारता येतं.

पैशांचं : क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. सूट किंवा रिफंड मिळवायला पिन कधीच लागत नाही. कूपन 'सुरू' करायला ओटीपी किंवा आधारचा फोटो मागितला तर फोन ठेवा. औषध द्यायला दुकानाला चिठ्ठी लागते, आधार लागत नाही. पैसे गेलेच तर आधी बँकेला कळवून व्यवहार अडवायला सांगा, मग पोलिसांच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाण्यात तक्रार द्या. तास-दोन तासांत कळवलं तर पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिने तिकडच्या औषधांच्या सवलत कार्डाचा फोटो पाठवला, ८० टक्क्यांपर्यंत सूट लिहिलंय. इथे दाखवून बघू का? — शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही चालणार. त्या कार्डावर बिन, पीसीएन, ग्रुप असे क्रमांक असतात. तिकडचा फार्मासिस्ट ते संगणकात घालतो आणि मधल्या कंपनीने ठरवलेला दर येतो. आपल्याकडे ती यंत्रणाच नाही, आपल्याकडे छापील कमाल किंमत आहे. मुलीला मात्र तिथे उपयोग होऊ शकतो. विमा आणि असं कार्ड एकाच खरेदीला सहसा एकत्र लावता येत नाही, म्हणून तिने दोन्हीकडचा दर विचारून कमी असेल तो घ्यावा. कार्डावर घेतलेल्या औषधाचा खर्च बहुधा विम्याच्या वार्षिक डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) धरला जात नाही, तेही विचारून घ्यावं.

प्रश्न : दुकानदार म्हणतात, बिल नको असेल तर आणखी पाच टक्के सोडतो. आणि पूर्ण पाकीटच घ्या, तोडून देणार नाही. — अनगोळ

उत्तर : बिल घ्याच. त्यावर बॅच नंबर, एक्स्पायरी, कंपनी आणि दुकानाचा परवाना क्रमांक असतो. औषध परत करायचं, तक्रार करायची किंवा एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली तर तोच एक धागा आपल्या हातात असतो. बिल टाळायची घाई जिथे असते तिथे माल कुठून आला याचीही शंका घ्यावी. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या टोल-फ्री क्रमांकावर बिलासह तक्रार करता येते.

सुट्या गोळ्यांना पाकिटाच्या हिशेबापेक्षा जास्त दर लावता येत नाही. तोडून घेताना कात्री एक्स्पायरी आणि बॅचच्या बाजूने चालली तर तुमच्या तुकड्यावर तारीखच राहत नाही. दुकानदाराला तारखेची बाजू दाखवायला सांगा, फोनवर फोटो काढा, आणि बिलावरच्या बॅचशी ताडून बघा. 'एक्स्पायरी ०२/२०२२' म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत. मोठी सूट कधी कधी मुदत जवळ आलेल्या मालावर असते. महिन्याच्या गोळ्या महिन्यात संपणार असतील तर त्यात गैर काही नाही, पण तीन महिन्यांचा साठा तसला घेऊ नका. खरं तर साथीतही ४५ दिवसांपेक्षा जास्त भरून ठेवायची गरज नसते. एकाने भरलं की पुढच्याला मिळत नाही.

प्रश्न : औषधं घरी आल्यावर पाकिटं सॅनिटायझरने पुसतो. बरोबर ना? आणि काउंटरवर कूपन दाखवायला फोन हातात द्यावा लागतो, त्याचं काय? — वडगाव

उत्तर : पुसू नका. स्पिरिटने बॅच आणि एक्स्पायरीची शाई जाते, आणि कागदी बाजूने ओल आत शिरू शकते. पिशवी बाजूला ठेवून हात साबणाने धुतले की पुरे. फोन द्यायची गरज नाही. घरूनच कूपनाचा स्क्रीनशॉट काढा, कोड आणि मोबाइल नंबर तोंडी सांगा किंवा चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहून न्या. घरात कुणाला ताप असेल तर शेजाऱ्याला पाठवा. त्याच्याकडे चिठ्ठीचा फोटो, जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि नेमकी रक्कम द्या. दुपारी दोन ते चारच्या सुमारास काउंटर मोकळा असतो, तेव्हा फार्मासिस्टलाही दोन पाकिटं जुळवून बघायला सवड मिळते.